पांढऱ्या सोन्याची पेठ

मंडळी, आजचा धडा वाचायला आपण जळगावच्या पेठेत जाऊ या.

पाचोऱ्याला गाडीत बसावे. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली अशी स्टेशने मागे पडतात. पन्नासएक किलोमीटर गेले की जळगाव येते. गावात शिरले की पेठाच पेठा. नवी पेठ, बळीराम पेठ, पोलन पेठ. दाणा बाजार आहे, सराफ बाजार आहे. माणसांची गर्दी तर विचारू नका. कोणी लग्नाचा बस्ता बांधतो, कोणी बियाणे घेतो. सराफाच्या दुकानात एखादी बाई पदराची गाठ सोडते आणि घरातला डाग काढून पुढे ठेवते.

जळगावला लोक सोन्याचे गाव म्हणतात. पण जळगावच्या मातीत सोन्याची खाण नाही. नदीच्या वाळूतही सोने सापडत नाही. मग ही सोन्याची पेठ उभी राहिली कशावर?

ती आपल्या शेतावर उभी राहिली. काळ्या जमिनीत कपाशी पिकली. तिच्या बोंडातून पांढरा कापूस निघाला. त्या पांढऱ्याचे पिवळे सोने झाले. म्हणून तर कापसाला आपण पांढरे सोने म्हणतो. हे सोने एकदा शेतकऱ्याच्या घरी आले, आणि पुष्कळ घरांतून आल्या वाटेने परतही गेले. ते कसे आले आणि का गेले, हे आज आपल्याला समजून घ्यायचे आहे.

१. सोन्यामागे धावलेली माणसे

आधी दूरदेशीची एक हकीकत ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. तेथे १८४८ सालच्या जानेवारीत एका ओढ्याच्या पाण्यात सोन्याचे कण सापडले. बातमी फुटली. लोक घरदार, नोकरीधंदा सोडून तिकडे धावले. सान फ्रान्सिस्को हे तेथले बंदर. तेव्हा तेथे हजारभर माणसांची वस्ती होती. दोन वर्षांत ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. बंदरात आलेल्या गलबतांवरचे खलाशीसुद्धा सोने शोधायला पळाले. गलबते तशीच उभी राहिली. लोकांनी त्या गलबतांचीच दुकाने केली, वखारी केल्या. पुढे किनाऱ्यावर भराव घातला. काही गलबते त्या भरावाखाली गाडली गेली आणि वर बाजारपेठ उभी राहिली.

सोने खणायला गेलेल्यांपैकी थोड्यांचेच नशीब उघडले. बाकीचे चिखलात राबून रिकाम्या हाताने परतले. पण ब्रॅनन नावाच्या एका दुकानदाराने निराळीच युक्ती केली. त्याने आधी घमेली आणि फावडी विकत घेऊन ठेवली. मग सोने सापडल्याचा गवगवा केला. लोकांना फावडी हवीच होती. तो मागेल तो भाव मिळाला. त्याने स्वतः सोने खणले नाही, पण तो श्रीमंत झाला.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. सोन्याची लाट येते तेव्हा खणणारा एक असतो आणि कमावणारा बहुधा दुसराच असतो. आपल्या खानदेशात काय झाले ते आता पाहू.

२. लढाई तिकडे, भाव इकडे

शंभर-सव्वाशे कोसांवरच्या मुंबईला आपला कापूस पूर्वीपासून जात होता. बैलांच्या पाठीवरून जाई, गाड्यांतून जाई. वाटेत थळघाट लागे. पाऊस लागला की गाड्या चिखलात रुतत. कापूस भिजे, मळे. मुंबईला पोचेपर्यंत त्याची रया जाई. भावही बेताचा मिळे.

मुंबईहून तो कापूस जहाजाने विलायतेला जाई. तेथे लँकेशायर नावाच्या मुलखात कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या. पण त्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई. शंभर गाठींतल्या पंचाहत्तरांहून अधिक गाठी अमेरिकेच्या असत. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे अफाट मळे होते. त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची लेकरे गुलाम म्हणून राबत. त्यांना मजुरी नव्हती. त्यांची जनावरासारखी खरेदी-विक्री होई.

१८६१ साली अमेरिकेत आपसात लढाई जुंपली. उत्तरेचे राज्य एका बाजूला, दक्षिणेचे मळेवाले दुसऱ्या बाजूला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. कापूस बाहेर पडेना. विलायतेच्या गिरण्या थंड पडू लागल्या. तेथल्या मजुरांच्या चुली विझल्या. गिरणीमालक म्हणू लागले, "कापूस आणा. कोठूनही आणा."

मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत कापसाचा भाव चढू लागला. दुप्पट झाला, तिप्पट झाला, त्याहूनही वर गेला. खानदेशातल्या ज्या शेतकऱ्याने अमेरिकेचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या कपाशीला त्या लढाईने भाव आणला.

३. पेठ फुगली

तेव्हाचे जळगाव आजच्यासारखे नव्हते. ते लहान गाव होते. पण भाव चढल्यावर त्याचे रूप पालटले. आगगाडीचे रूळ याच वर्षांत खानदेशात येत होते. जिथे स्टेशन, तिथे माल. जिथे माल, तिथे व्यापारी. मुंबईच्या पेढ्यांनी जळगावला आपली माणसे बसवली. त्या काळच्या सरकारी पुस्तकात नोंद आहे की अमेरिकेच्या लढाईच्या दिवसांत जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली होती.

पेठ म्हणजे नुसती दुकाने नव्हेत. पेठ म्हणजे कामांची साखळी. ती कशी असे, पाहा.

शेतकरी गाडी घेऊन येई. तो अडत्याच्या दारी गाडी सोडी. अडत्या माल विकून देई आणि आपली अडत कापून घेई. दलाल गिऱ्हाईक आणी, त्याची दलाली निराळी. तोलणारा काटा धरी, त्याची तोलाई. हमाल ओझे उचली, त्याची हमाली. मग धर्मादाय म्हणून काही कापले जाई. नमुना म्हणून मूठमूठ कापूस जाई तो वेगळाच. शेवटी उरेल ते शेतकऱ्याच्या हाती पडे.

आणि भाव कसा ठरे? पुष्कळ बाजारांत तो उघड बोलतच नसत. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हात घालीत. एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेजारी उभा असे, पण त्याला काही कळत नसे. "पाटील, सौदा झाला," एवढेच त्याच्या कानी पडे.

लोभ शेतापासून बंदरापर्यंत सगळीकडे शिरला. कापसात सरकी ठेवावी, माती मिसळावी, पाणी मारावे, असे प्रकार वाढले. ते इतके वाढले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातली भेसळ रोखण्यासाठी कायदा करावा लागला.

तरीही शेतकऱ्याच्या हाती पूर्वी कधी आला नव्हता इतका पैसा आला, हे खरे. कोणी घर बांधले, कोणी बैलजोडी घेतली. बायकांच्या अंगावर गोठ-पाटल्या आल्या, गळ्यात पुतळ्यांची माळ आली. मुलांच्या पायांत चांदीचे वाळे वाजू लागले. कापसाच्या मुलखात काही जणांनी चांदीचे फाळ केले आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असे त्या काळच्या लिखाणात आढळते. चांदीचा फाळ जमीन नांगरील काय? पण भरतीच्या वेळी ओहोटी कोणाला आठवत नाही.

आम्ही त्या शेतकऱ्यांना हसत नाही. जन्मभर ज्याने फाटके नेसले, त्याने दोन दिवस मिरवले तर त्यात नवल नाही. चूक मिरवण्यात नव्हती. ती दुसरीकडे होती. भाव चढला तशी सावकारांत शेतकऱ्याची पतही चढली. पूर्वी पन्नास रुपये द्यायला जो मागे-पुढे पाही, तोच म्हणू लागला, "पाटील, तीनशे न्या. कापूस आहे ना उभा!" शेतकऱ्याने ते नेले. कागद लिहिला गेला. त्याने अंगठा उठवला. कागदात काय आहे, हे त्याला वाचता येत नव्हते.

४. १८६५ साल

आता १८६५ साल नीट ध्यानात ठेवा. या एका सालात तीन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट. कसारा ते इगतपुरीचा थळघाट फोडून आगगाडीचा मार्ग पुरा झाला. खानदेशचा कापूस आता गाडीत भरला की घाट उतरून थेट मुंबईला जाऊ लागला.

दुसरी गोष्ट. विलायत आणि हिंदुस्थान यांच्यात तारायंत्राची जोडणी झाली. पूर्वी बातमी जहाजाने येई. तिला आठवडेच्या आठवडे लागत. आता ती त्याहून पुष्कळ लवकर येऊ लागली.

तिसरी गोष्ट. एप्रिल महिन्यात अमेरिकेची लढाई संपत आली. दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शस्त्र खाली ठेवले. त्याच वर्षाच्या शेवटी तेथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. लक्षावधी माणसे मोकळी झाली, ही मोठी चांगली गोष्ट झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' नावाचे पुस्तक लिहिले. गुलामांना मोकळे करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले.

पण कापसाच्या बाजाराला दुसरीच बातमी ऐकू आली. अमेरिकेची बंदरे उघडणार. तिकडचा कापूस पुन्हा येणार. मग इकडचा महाग कापूस कोण घेणार?

भाव कोसळला. मुंबईत हाहाकार उडाला. कापसाच्या पैशावर तेथे नाना कंपन्या निघाल्या होत्या. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपनीचे भाग लोकांनी कैकपट किंमत देऊन घेतले होते. १ जुलै १८६५ हा त्या सौद्यांचा पैसा चुकवायचा दिवस होता. त्या दिवशी भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत मोठे सट्टेवाले. त्यांनी भरभराटीच्या दिवसांत मुंबईच्या विद्यापीठाला मोठी देणगी दिली होती. तिच्यातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईत दिसतो. पण तेही या फेऱ्यात सापडले. पुढे मुंबईची सरकारमान्य बँकसुद्धा बुडाली.

जळगावच्या पेठेलाही मोठा फटका बसला. व्यापारीही बुडाले, हे सांगितले पाहिजे. सगळा दोष एकाच्या माथी मारणे बरे नव्हे. पण एक फरक होता. तार आली ती पेढीवर आली. पेढीवर ती वाचता येत होती. ज्याला वेळेवर कळले त्याने माल विकून टाकला, उधारी आवळली. शेतकऱ्याला ती तार कोणी वाचून दाखवली नाही. तो त्या जूनमध्येही चढ्या भावाच्या आशेने कपाशीच पेरीत होता.

५. हिशेब करून पाहा

आता पाटी घ्या. आपण एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

एका शेतकऱ्याला दर साल १० मण कापूस होतो. पूर्वी भाव मणाला ५ रुपये होता. त्याला मिळत ५० रुपये.

लढाईच्या दिवसांत भाव २० रुपये झाला. त्याला मिळाले २०० रुपये. पीक तेवढेच, पैसा चौपट.

त्याने मुलीचे लग्न काढले. दोनशे होते, आणखी ३०० कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा २ रुपये. म्हणजे महिन्याला ६ रुपये आणि वर्षाला ७२ रुपये. त्याला वाटले, "दोनशे तर कापसाचेच येतात. दोन वर्षांत फेडून टाकू."

भाव उतरला. मणाला ६ रुपये झाला. कापसाचे आले ६० रुपये. आणि नुसते व्याजच ७२ रुपये!

म्हणजे सगळा कापूस सावकाराच्या दारात ओतला तरी १२ रुपये बाकी राहिली. मुद्दलाला हातही लागला नाही. सरकारचा शेतसारा अजून द्यायचाच आहे. वर्षभर खायचे काय, हा प्रश्न आहेच. बाकी राहिलेले १२ रुपये मुद्दलात गेले. पुढच्या वर्षी व्याज ३१२ रुपयांवर.

मग पहिल्याने पुतळ्यांची माळ गेली. मग पाटल्या गेल्या. मग बैल गेले. शेवटी जमिनीचा कागद झाला. जळगावच्या पेठेतून जे सोने डोलत घरी आले होते, ते रात्रीच्या वेळी पदराखाली लपवून पेठेत परत गेले. ते नेऊन देणारी बहुधा घरची बाईच असे. लग्नात सगळ्यांसमोर घातलेला डाग मोडताना तिला काय वाटले असेल, ते तुम्ही-आम्ही जाणतो.

६. कागदाची होळी

हे दुःख एकट्या खानदेशाचे नव्हते. पुणे आणि नगर जिल्ह्यांतही कर्जाचा डोंगर झाला होता. कापसाचा पैसा आटला होता आणि त्यात सरकारने सारा वाढवला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले. त्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुष्कळ गावांत असेच झाले. लोकांची मागणी मुख्यतः एकच होती. "आमचे कागद द्या." हाती आलेले कागद त्यांनी जाळले.

मंडळी, विचार करा. लोकांनी कागदच का जाळले? कारण त्यांना त्या कागदाचे भय वाटत होते. कागदात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. पण आपली जमीन त्या कागदाने जाते, एवढे मात्र कळत होते.

कागद जाळून कर्ज मिटत नाही. लोकांना तुरुंग भोगावा लागला. पण सरकारलाही जाग आली. चौकशी झाली. १८७९ साली शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा झाला. कुळाला हिशेब दाखवला पाहिजे, पैसे भरल्याची पावती दिली पाहिजे, असे त्यात आले. फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. त्यात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याच्या अडाणीपणात आहे, हे उघड करून दाखवले.

७. पेठ पुन्हा उभी राहिली

जळगाव बुडून राहिले नाही. आगगाडी होती, काळी जमीन होती, कापूस होता. पेठ पुन्हा सावरली. कापसातून सरकी वेगळी करणारे जिन आले. रुईच्या घट्ट गाठी बांधणारे वाफेवरचे प्रेस आले. सूत काढणारी आणि कापड विणणारी गिरणी निघाली. पोलन नावाचे एक इंग्रज कलेक्टर होते. त्यांच्या नावाने नवी पेठ वसली, तीच पोलन पेठ. मेहरूणच्या तलावातून गावाला नळाने पाणी आले. १९०१ सालच्या शिरगणतीत जळगावची वस्ती सोळा हजारांवर गेली होती. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव झाले.

आपले पाचोरेही याच वाटेने वाढले. हिवरा नदीच्या काठचे हे गाव आगगाडीच्या मोठ्या मार्गावर आले. मग पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत लहान गाडीचे रूळ पडले. पहिले महायुद्ध संपले त्या सुमाराची ही गोष्ट. पन्नासाहून अधिक किलोमीटरचा तो मार्ग. जामनेर, पहूर या बाजूचा माल लहान गाडीने पाचोऱ्याला येई आणि मोठ्या गाडीत चढे. शंभर वर्षे ती गाडी माणसे आणि माल वाहत होती. २०२० साली तिची धाव थांबली. पण ज्याने तिच्यातून प्रवास केला आहे त्याच्या कानात तिची शिट्टी अजून आहे.

८. रुमाल उचलला गेला

पेठ मोठी झाली, पण रुमालाखालचा सौदा पुढेही पुष्कळ वर्षे चालला. तो बंद व्हावा म्हणून लोक झगडले. १९२७ साली मुंबई इलाख्यात कापसाच्या बाजारासाठी कायदा झाला. मग खानदेशातही नियमाने चालणारे कापूस बाजार निघाले. भाव उघड बोलावा, वजन खरे असावे, कापाकापी ठरलेली असावी, शेतकऱ्याचा माणूस कारभारात असावा, हा त्यामागचा हेतू. १९३९ साली हा नियम दुसऱ्या पिकांनाही लागू करणारा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली नवा कायदा आला. आपली बाजार समिती चालते ती त्या कायद्याच्या आधाराने.

मापेही बदलली. गावागावाचा मण निराळा होता. कोठे कच्चा मण, कोठे पक्का मण. त्यात फसवायला वाव होता. १९५८ सालापासून देशात किलोग्रॅमची मापे सुरू झाली. आता क्विंटल म्हणजे १०० किलो, पाचोऱ्यातही आणि मुंबईतही.

म्हणजे काय झाले? जे रुमालाखाली होते ते उघड्यावर आले. जे बोटांत होते ते कागदावर आले. आता ते वाचण्याचे काम आपले आहे. पावती हाती आहे, पण वाचता येत नाही, तर रुमाल अजून तेथेच आहे असे समजा.

९. हे जुने झाले काय?

कोणी म्हणेल, "भाऊ, ही तर दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आता काय तिचे?"

तर मग परवाचीच गोष्ट पाहा. २०२२ साली कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. सगळ्यांना आनंद झाला. पुढच्या हंगामात पुष्कळांनी कापूस विकला नाही. "पुन्हा दहा हजार होईल," म्हणून घरात भरून ठेवला. खोलीत कापूस, ओसरीवर कापूस. घरची माणसे अंगणात झोपली. भाव मात्र सात-आठ हजारांच्या आसपास आला आणि वर चढेना. त्या कापसावर काहींनी उसनवार घेतली होती. शेवटी पडत्या भावात विकावे लागले.

१८६५ आणि २०२३ यांत साम्य आहे ना? कापसाचा भाव आपल्या गावात ठरत नाही. तो जगाच्या बाजारात ठरतो. कोठे लढाई होते, कोठे दुष्काळ पडतो, कोठे पीक उदंड येते. त्याचे हेलकावे आपल्या ओसरीपर्यंत येतात. ते थांबवणे एकट्याच्या हाती नाही. पण आपल्या हाती काही आहे.

चढलेला भाव कायमचा धरून कर्ज काढू नये. कर्ज काढायचेच झाले तर पडलेल्या भावाने ते फिटेल का, हे आधी पाटीवर मांडून पाहावे.

सगळा माल एका भावाच्या आशेवर ठेवू नये. थोडा आता, थोडा पुढे, असा विकावा.

विकायला जाण्यापूर्वी भाव वाचावा. एका दुकानात विचारून भागत नाही. बाजार समितीचा फळा वाचावा, वर्तमानपत्र वाचावे.

कापूस ओला नेऊ नये. सरकारी खरेदीत ओलावा शेकडा ८ पर्यंत असेल तर पुरा भाव मिळतो. त्याच्या वर भाव कमी होतो. १२ च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत.

काट्यावर स्वतः उभे राहावे. आकडा स्वतः वाचावा. पावती घरी आणून जपून ठेवावी.

कोऱ्या कागदावर सही करू नये, अंगठाही देऊ नये. वाचायला वेळ मागावा. त्यात लाज नाही.

आणि घरच्या बाईला हिशेबाला जवळ बसवावे. कापूस ती वेचते. डाग मोडायची पाळी येते तेव्हा तो तिच्याच अंगावरून उतरतो. मग हिशेब तिला का कळू नये?

१०. पुन्हा पेठेत

आता पुन्हा जळगावच्या पेठेत उभे राहा. तीच गर्दी, तीच दुकाने. पण आता तुम्हाला ती थोडी निराळी दिसेल. ही पेठ आपल्या आजा-पणजांच्या कापसावर वाढली. अडत्याची अक्कल तिच्यात आहे, हमालाचा घाम तिच्यात आहे, आणि मोडलेल्या डागांचे सोनेही तिच्यात आहे. पेठ वाईट नाही. पेठेवाचून कापूस विकणार कोठे? पण पेठेत जाणाऱ्याला वाचता आले पाहिजे आणि हिशेब आला पाहिजे.

तुमच्या पणजोबांनी अंगठा उठवला. तुम्ही हा धडा इथपर्यंत स्वतः वाचला. एवढा फरक पडला आहे. तो आता बाजारातही दिसू द्या.

नवे शब्द

अडत – दुसऱ्याचा माल विकून दिल्याबद्दल घेतलेला पैसा.
मुद्दल – मूळ घेतलेली कर्जाची रक्कम.
पत – उधार मिळण्याइतका विश्वास.
रुई – सरकी काढलेला कापूस.
सट्टा – भाव चढेल किंवा उतरेल अशा अंदाजावर केलेला सौदा.

सांगा पाहू

१. अमेरिकेत लढाई झाली, तर खानदेशात कापसाचा भाव का चढला?
२. १८६५ साली कोणत्या तीन गोष्टी झाल्या?
३. सुप्याच्या लोकांनी सावकारांचे कागद का जाळले?
४. रुमालाखाली भाव ठरवण्यात शेतकऱ्याचे काय नुकसान होई?

पाटीवर करा

एका शेतकऱ्याचा २२ क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने विकला. हमाली आणि तोलाई मिळून ६०० रुपये कापले. त्याच्या हाती किती रुपये पडले? पावतीवर १,५१,४०० रुपये लिहिले असतील, तर ते बरोबर आहेत काय? नसतील, तर किती रुपयांचा फरक आहे?

घरी करा

घरात एखादी जुनी पावती, खातेपुस्तक किंवा कर्जाचा कागद असेल तो शोधा. तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. जो शब्द अडेल त्याच्याखाली रेघ मारा आणि उद्या वर्गात घेऊन या. आपण तो मिळून वाचू.